रुमालाखाली

विश्रामबागच्या फाटकाजवळ, मेडिकलच्या वर, दुसरा मजला.
तिथं आम्ही सतरा जण
गोदामातल्या हळदीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो,
म्हणजे बनवत होतो, गेल्या जूनपर्यंत.
जुलैत वरद सर म्हणाले, हळद ही मानसिकता आहे,
आपल्याला तिच्या पलीकडं जायचंय.
पलीकडं काय आहे
हे विचारायला कुणी हात वर केला नाही.
तौफिकनं केला.
त्याला सांगितलं, प्रश्न नको, सोल्यूशन घेऊन ये.

माझ्या स्क्रीनवर एक काम एकोणीस दिवस उघडं आहे.
त्याचं नाव: 'रिपोर्ट जरा बरा करणे.'
आधी मी रकाने सरळ केले.
सर म्हणाले, हं.
मग बारा सेकंदांचं तीनवर आणलं.
चांगलंय, म्हणाले, पण हे नव्हे.
मग रंग बदलला. हिरवा. मग दुसरा हिरवा.
'तुला आतून कळायला पाहिजे, प्रणोती.'
मी आतून बघितलं.
आत दीड वाजता खाल्लेली भाकरी होती
आणि पगाराची तारीख.

रात्री पावणेबाराला फोन उजळतो:
'आहेस का?'
आहे सर.
'उद्या बोलू.'
उद्या ते पुण्याला असतात.

ऑगस्टात पाणी चढलं.
तेव्हा आमच्या गावात माणसं फुटांत बोलतात,
आयर्विनला अडतीस, आयर्विनला एक्केचाळीस,
चहावाल्याला, कंडक्टरला, शाळेतल्या पोरांनाही ठाऊक
कितीला कुठली गल्ली जाते.
पंचेचाळीस म्हणजे धोका.
नदी कुणाला आतून कळायला लावत नाही.
आमच्या ग्रुपवर मेसेज आला:
'परिस्थितीनुसार ठरवा. पण कमिटमेंट विसरू नका.'
शेवटी जोडलेले हात.
मी दत्तनगरात मावशीचा फ्रिज माळ्यावर चढवत होते.
परिस्थितीनुसार ठरवलं.

मार्चमध्ये कागद आला:
'गरजेच्या वेळी उपलब्ध नसते.'
खाली, 'अपेक्षेपेक्षा थोडी कमी.'
थोडी म्हणजे किती, मी विचारलं.
सर हसले.
वाईट माणूस नाही तो.
मी जिन्यात बघितलंय त्यांना, फोन कानाला,
'हो सर, हो, म्हणजे नेमकं...'
आणि पुढचं गिळताना.

तौफिक गेला. मिरजेत मोबाईल दुरुस्त करतो.
म्हणतो, फुटलेली काच फुटलेलीच असते, ताई,
गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवतं.

आमचे अण्णा हेडी होते,
खरसुंडीच्या यात्रेत पस्तीस वर्षं बैलांचे सौदे.
काल टीव्हीचा आवाज बारीक करून त्यांनी विचारलं,
तुला नेमकं काय कर म्हणतात गं?
मी बोलायला लागले. ओनरशिप. अलाइनमेंट.
ऐकता ऐकता त्यांनी खांद्यावरचा रुमाल
माझ्या हातावर टाकला,
खालून बोटं धरली. तीन.
मग चौथ्याचं मधलं पेर दाबलं.
किती?
साडेतीन, मी म्हणाले. लहानपणीचा खेळ आमचा.
बघ, म्हणाले, भरल्या बाजारात दोनशे डोळे,
तोंडातून अक्षर नाही, कापडाखाली अंधार,
तरी घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा आकडा एकच.
नाही पटला तर हात सोडायचा. भांडण नाही.
रुमाल झटकून त्यांनी परत खांद्यावर टाकला.
तुझे सर हात तरी देतात का हातात?

आज विसावा दिवस.
सकाळी त्या कामाखाली मी लिहिलं:
'बरा म्हणजे नेमका कसा? आकडा द्या.'
संध्याकाळी उत्तर आलं.

एक अंगठा.