लेयर : चुरी

प्रभादेवीच्या सेल्स ऑफिसात एसी अठरावर.
सुलभा चुरींनी हेडसेट हातात घेतला, उलटा.
मी सुलटा करून दिला.
डोळ्यांवर चढवण्याआधी त्यांनी चपला काढल्या,
गालिच्याच्या कडेला, भिंतीशी लावून ठेवल्या.
घरात जायचंय ना, म्हणाल्या.

ते घर मी बनवलंय. एकविसावा मजला.
तिथे कायम संध्याकाळचे पावणेपाच.
ऊन थेट सोफ्यावर येतं,
कारण समोरच्या टॉवरचा लेयर
बंद ठेवायला सांगितलाय.
बाल्कनीत एक उंच बाई कॉफी पिते.
सातशे रुपयांना घेतलेली. वरळीच्या तीन इमारतींतही
तीच उभी आहे, तोच कप धरून.

दारापाशी काकूंनी पाय उचलला
उंबरा ओलांडावा तसा, जरा जास्तच वर,
आणि पाऊल सपाटीवर आपटलं.
'उंबरा नाही ठेवलात?'
मग फ्रीजमधून आरपार हात घालून
'मोरीचं पाणी कुठे जातं हो?'
नळ होता माझ्याकडे, लखलखीत,
पाणी नव्हतं.
शेवटी दमून कठड्याला टेकायला गेल्या
आणि मी धावलो, दंड धरला.
वरून बारीक, कोपराशी जुन्या भाजल्याचा डाग.

रात्री नकाशात त्यांचा पत्ता टाकला.
प्रत्यक्षात तिथे हिरव्या जाळीआड खड्डा आहे,
पाणी उपसणारा पंप आहे,
काकू सात वर्षं मानखुर्दला संक्रमण शिबिरात आहेत.
पण नकाशावाल्यांची गाडी पुन्हा फिरकलेली नाही,
त्यामुळे चाळ उभी आहे.
दुसऱ्या मजल्यावर एक बाई टॉवेल झटकतेय,
टॉवेल हवेतच थांबलाय.
चेहरा यंत्राने धुरकट केलेला,
कुणाची ओळख पटू नये म्हणून.
मी मोठं करत गेलो, मोठं करत गेलो,
चौकोन चौकोन झाले सगळे,
त्यातला एक चौकोन, कोपराशी, काळपट.

मग एकविसाव्या मजल्यावर उंबरा बसवला.
तीन इंच, काळा कडप्पा, मधोमध झिजलेला.
बाहेर चपलांचा जोड, डावीचा अंगठा शिवलेला.
सकाळी जिग्नेशभाई म्हणाले,
चपला कशाला? विकायचंय आपल्याला.

पुसलं नाही मी.
वेगळा लेयर केला, नाव दिलं, बंद केला.
फिल्म पूर्वीसारखीच चालते. ऊन येतं,
उंच बाई कॉफी पिते.
फाइल उघडायला मात्र
हल्ली थोडा जास्त वेळ लागतो.