नग एक

क्लच दाबला की आवाज बंद,
सोडला की पुन्हा डब्यात खडे.
वाघुळदे बाई म्हणाल्या, "वर्गात असता
तर पहिल्या बाकावर आणून बसवलं असतं याला."
गाडी दोन हजार चारची, डिझेल,
मुलुंडहून कुर्ल्यापर्यंत स्वतः चालवत आणलेली.
डिकीत स्टेपनीशेजारी एक ताणकाटा,
रद्दीवाल्याच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून.

मी निदान केलं, सगळे करतात तेच:
डबल मास फ्लायव्हील गेलं.
दोन तबकड्या, मधे स्प्रिंगा,
इंजिनाचा हादरा मधल्यामधे जिरवायचा,
गिअरबॉक्सला कळू द्यायचा नाही.
जिरवणाराच दमला की असं वाजतं.

हातिमभाईच्या काउंटरवर तीन भाव निघाले.
नवं, बेचाळीस हजार, वर आठ दिवस थांबा.
कापलेल्या गाडीचं, नऊ,
हाताने फिरवून बघायचं, खेळ किती ते,
बोटभर चालेल, दोन बोटं नाही.
आणि सॉलिड. एकसंध ओतीव,
स्प्रिंगवाली प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग धरून चौदा.
"ये मर के भी नहीं मरेगा," हातिमभाई म्हणाला,
"गिअरबॉक्स का मैं नहीं बोलता."

बाई म्हणाल्या, आधी उघडा.

गिअरबॉक्स उतरवला. क्लच काढला.
सहावा बोल्ट सुटून फ्लायव्हील हातात आलं
तेव्हा डोळ्यांआधी मनगटाला कळलं,
हलकं आहे.
रॉकेलने पुसलं.
सॉलिड.
कडेला, दात्यांच्या आत, पंचाने मारलेले तीन ठिपके.

विश्राम मेस्त्रीचे.
ज्यांनी मला शिकवलं,
"आवाज कानान नाय, तळव्यान आयकूचो."

त्यांची बिलबुकं माळ्यावर आहेत.
दोन हजार तेरा, नोव्हेंबर, निळा कार्बन:
डबल मास, नवीन, नग एक.
त्याच नोव्हेंबरात मी सतरा दिवस
सायन हॉस्पिटलात होतो, टायफॉइड.
बाहेरून आणायची औषधं कुणी आणली
मी कधी विचारलं नाही.
याचा त्याचा संबंध असेलच असं नाही.
नसेलही.

बाईंना सांगितलं. बिल दाखवलं.
त्या काही बोलल्या नाहीत, डिकीतून ताणकाटा आणला.
साखळीने टांगून फ्लायव्हील मोजलं.
सात किलो, काट्याचं एक घर वर.
"आणि ते, ज्याचे मी पैसे दिले?"
साडेबारा.
वजाबाकी त्यांनी मोठ्याने केली,
फळ्यासमोर उभं राहून करावी तशी.
"अकरा वर्षं," म्हणाल्या,
"मला वाटत होतं डिझेल म्हणजे अशीच बोलते."

मग गिअरबॉक्सच्या पोटात वाकून बघितलं त्यांनी.
इनपुट शाफ्टचं बेअरिंग खडबडलेलं,
तिसऱ्याचे दात झिजून मऊ,
प्लेटीच्या चार स्प्रिंगांतली एक तुटून पडलेली.
"म्हणजे हादरे कुठेतरी गेलेच."
गेलेच, बाई.
"पण चालली."
चालली.

बेअरिंग नवं घातलं, तिसरा जुन्या बाजारातून,
दात नखाने तपासून.
फ्लायव्हील? मी म्हणालो, डबल मास घालतो,
पैसे माझे.
त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला?
हेच घासून घ्या. आता ठाऊक आहे काय आहे ते."

पास्कल डाबरेने लेथवर तोंड साफ केलं,
विचारलं, हे ठिपके पण उडवू?
मी पत्र्यावरचा पंखा बघत राहिलो.
त्याने मशीन बंद केलं.

बिल त्यांनी समोर उभं राहून लिहून घेतलं:
सॉलिड, जुनं, घासून. नग एक.
रकमेच्या रकान्यात मी रेघ मारली,
त्यांनी ती खोडायला लावली,
लेथचे साडेसहाशे लिहायला लावले.

संध्याकाळी सीएसटी रोडच्या कोपऱ्यावर
त्यांनी पहिला टाकला, क्लच सोडला.
खडे नव्हते.
दारावरचा आरसा जरा थरथरला.
तेवढा थरथरणारच.