चार बोटं जागा

बेदाण्याच्या सौद्यामागं, पत्र्याच्या जिन्यानं
वर गेलं की शिकलगारांचा क्लास.
सहा संगणक, एक पंखा, शेवटच्या बाकावर
बावन्न वर्षांचा मी.
पोरांना वाटलं, कुणाचा तरी बाप फी भरायला आलाय.

वीस वर्षं तासगावच्या पाट्या रंगवल्या.
कृषी सेवा, दातांचा दवाखाना,
शाळेच्या भिंतीवर पाढे, स्मशानात देणगीदारांची नावं.
कोपऱ्यात, बारीक: हिंदुराव पेंटर.

नाझनीन म्हणाली, काका, एचटीएमएल म्हणजे
भिंत आणि मजकूर. सीएसएस म्हणजे तुमचं काम.
मग शिकवतेस कशाला, म्हटलं.

ती हसली नाही. पडद्यावर बोट ठेवून सांगत गेली:
प्रत्येक गोष्ट म्हणजे एक पेटी. आत मजकूर,
त्याच्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर,
बॉर्डरच्या बाहेर मार्जिन.
मला कासमचाचा आठवले. पहिल्या दिवशी
ब्रश दिलाच नाही, पाटीवर चार बोटं टेकवली फक्त:
"एवढं सोड. अक्षर कडेला चिकटलं
की गिऱ्हाइकाला दुकान लहान वाटतं."
आणि दोन दुकानांच्या मधली जागा, चाचा?
"ती नगरपालिकेची."
वहीत तसंच लिहून घेतलं:
पॅडिंग आपलं, मार्जिन नगरपालिकेचं.

रंगाला मात्र अडलो.
हळदीचा पिवळा मी डब्यात काडी फिरवून काढायचो,
नखाएवढा लाल, लिंबाएवढा पांढरा.
इथं हॅश, मग ई, तीन, ए, शून्य, शून्य, आठ.
दोन दिवस गेले. सापडला तेव्हा
सवयीनं बोटं नाकाशी नेली.
वास नव्हता.

नंतरचा हात आधीच्या हातावर बसतो,
हे कळायला मला संगणक नको होता.
पण एका बटणाचा निळा काही जाईना.
खाली लाल लिहिला, त्याच्याही खाली लाल लिहिला.
नाझनीन म्हणाली, वरच्या नियमानं त्याला नावानं हाक मारलीय,
तुम्ही सगळ्या बटणांना मिळून ओरडताय.
बरोबर. सगळे गाळे पांढरे, असा बाजार समितीचा हुकूम होता,
चौदा नंबरच्या जगदाळ्यांनी निरोप धाडला,
माझा निळाच राहू दे.
राहिला की.
आणि हे इम्पॉर्टंट काय असतं?
"तो आमदाराचा फोन, काका.
रोज लावला की कुणी उचलत नाही."

सोमवारी तिनं फळ्यावर लिहिलं:
डिस्प्ले, फ्लेक्स.
मी पेन खाली ठेवलं.

दोन हजार नऊच्या दिवाळीत स्टँडजवळ मशीन आलं.
रात्रीत चाळीस फूट. वाढदिवस, श्रद्धांजली, पुन्हा वाढदिवस.
तेव्हापासून मी लोकांच्या घरांना डिस्टेंपर मारतो.
मशीन कुणाचं, ते गावाला माहीत आहे.
शिकलगारांचं. हिच्या अब्बांचं.
तिलाही माहीत होतं. फळ्याकडंच बघत म्हणाली,
"हे नाव मी नाही ठेवलं, काका."
जरा वेळानं: "अब्बांचं मशीनही दोन वर्षं बंद आहे.
वाढदिवस आता मोबाइलवरच लागतात."

पंखा कुरकुरत होता. मी टाइप केलं.
एकाखाली एक पडलेल्या तीन पेट्या
उठून रांगेत उभ्या राहिल्या.
ना खडू, ना सुतळी,
ना सुतळीचं दुसरं टोक धरायला मालन.

रात्री जेवताना तिला मोबाइलवर दाखवलं.
भाकरीचा हात पदराला पुसून,
पूर्वी शिडीखाली उभी राहायची तशी
एक डोळा मिटून बघत राहिली.
"उजवीकडं ढळलंय."

ढळलं होतं.
मार्जिनच्या वरच्या ओळीला शेवटी अर्धविराम नव्हता.
सकाळी नाझनीन किल्ली घेऊन आली
तेव्हा मी जिन्यावरच बसलेलो.