चहा थांबेपर्यंत

कागलच्या लग्नात माझा जुना ट्रायपॉड बसला.
पडला नाही, बसला.
डावा पाय क्लॅम्पातून दोऱ्यादोऱ्यानं सरकत राहिला
आणि पाच मंगलाष्टकांत अख्खा मांडव कलला.
नवरा, नवरी, मामा, अंतरपाट
सगळे एका अंगाला घरंगळायच्या बेतात.
नवरीच्या बापानं पेन ड्राइव्ह परत आणून दिला.
"ताई, नाव बुडताना दिसतीया."

म्हणून या खेपेला यासीन मिस्त्रींना सोबत नेलं.
चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले त्यांनी,
पंपांचे, इंजिनांचे,
आधी लाकडात, मग वाळूत, मग बिडात.
कॅमेऱ्यातलं काही कळत नाही.
"पन तिवई कळती की," म्हणाले.
"चार पायांचं डुगडुगतं. तीन पायांचं कुठंबी बसतं,
म्हनून त्याचं खोटं लवकर घावत न्हाई."

शाहूपुरीतलं दुकान.
हेमलनं पहिला काढला तो कार्बनचा,
हातात घेतला तर धरलाय की नाही कळेना.
"पंधरा किलो पेलतो."
"कुनी तोललं?"
"खोक्यावर लिहिलंय ना, चाचा."
"मग खोक्यावरच ठेव की कॅमेरा."

नखानं पाय वाजवला,
माठ घेताना लावतात तसा कान लावला.
नॉब पिळला, सोडला, परत पिळला:
आटे शेवटपर्यंत धरतात
का शेवटच्या वळणावर दात सोडतात.
सांध्यापाशी रंग जाड होता, तिथं अंगठा थांबला.
"ओतकामात फुगा आला की आमीबी असंच लिंपायचो."
पालथा करून विचारलं, "हे उघडतं का?"
"उघडायचं कशाला? वॉरंटी आहे."
मिस्त्रींनी त्या रिव्हेटकडं बघितलं,
तोंड शिवलेल्या माणसाकडं बघावं तसं.

मग माथ्यावर पंजा टेकून पीळ द्यायचा होता.
तिथं हात मागं घेतला त्यांनी.
दोन वर्षं झाली, उजवा थरथरतो.
"हलतंय कोन, ते का मी, समजंना."

चहा मागवला.
वरचं डोकं काढायला लावलं,
उघड्या थाळीवर अर्धा ग्लास ठेवला,
पायाला एक टिचकी
आणि मला म्हणाले, मोज.
चहात गोल रेघा, गोलात गोल.
कार्बनवर अकरा.
दुसऱ्यावर नऊ, आणि थोडा सांडलासुद्धा.
हेमल फडकं शोधत बसला.

कोपऱ्यात एक होता, उन्हानं पिवळा पडलेला,
कुणा सर्व्हेवाल्यानं विकलेला,
पायावर ऑइलपेंटनं क-२.
सगळे स्क्रू उघडे, खाचा झिजलेल्या,
म्हणजे कुणीतरी पूर्वी खोलून, पुसून
परत लावलेला.
उचलताना माझा खांदा कुरकुरला.
टिचकी. एक, दोन, तीन.
चहा गप्प.

"ह्यो घे," म्हणून मिस्त्रींनी ग्लास उचलला,
आणि चहा परत हलायला लागला,
थांबेना.
हेमलनं कॅल्क्युलेटर ओढला.
मी चपलेचा अंगठा नीट करत राहिले.

संध्याकाळी रंकाळ्यावर लावला.
तीस सेकंदांचा फोटो.
"मिस्त्री, कठड्यापाशी उभं राहा, हलू नका."
"बघू की," म्हणाले.

फोटोत पाण्यावर दिव्यांच्या रेघा सरळ,
पलीकडच्या भेळेच्या गाड्यावरचं नाव वाचता येतं,
कठड्याच्या दगडाचा छिन्नी लागलेला काठ
बोट कापेल असा.
मिस्त्री थोडे धुरकट.
उजव्या बाहीच्या टोकाला हात नाही,
नुसता उजेड सांडलेला.

पुसून टाकणार होते.
त्यांनी कॅमेरा मागून घेतला,
चष्मा कपाळावर सरकवून
पडदा मोठा मोठा करत नेला,
स्वतःला ओलांडून, दगडापर्यंत.

"कड बघ," म्हणाले,
"कशी आलीया."