सात नंबरचा आवाज

मंगळवारी भोसरीत, कँटीनवरच्या हॉलमध्ये
गद्रे मॅडम कोथरूडहून आल्या
आम्हाला सॉफ्ट स्किल्स शिकवायला.
पडद्यावर शब्द उमटला तशी
हीट ट्रीटमेंटची पोरं फिस्सकन हसली.
आमच्यात सॉफ्ट म्हणजे
कडकपणात कमी भरलेला गिअरचा दात.
काटा अठ्ठावन्नच्या खाली आला
की थेट लाल पेटीत.

मीही हसलो. एकतीस वर्षं मेंटेनन्स.
स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं बेअरिंगच्या घरावर,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटायचे.
वंगण आटलंय, गोळी झिजलीय,
कुणीतरी घाईत बोल्ट आवळलाय,
सगळं सांगतं ते.
फक्त आपण मध्ये बोलायचं नाही.

माणसांना मात्र माझं उत्तर ठरलेलं:
"हं." फार तर "बघू."
वार्षिक फॉर्मात संवाद या रकान्यात
पाचापैकी दोन.
त्यातला एक, साहेब म्हणाले, माझ्याकडून.

शनिवारी पहाटे सात नंबरचा स्पिंडल गेला.
दोनशे बारा गिअर लाल पेटीत.
गेटबाहेरची टपरीसुद्धा उघडली नव्हती
तेवढ्यात फोन: चूक कुणाची,
नाव द्या, नऊच्या आत.

नाव समोरच उभं होतं.
मोनाली थोरवे, जुन्नरची, आयटीआय,
शिकाऊ, सातवा महिना,
हातमोजे काढून पिळत.
माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं,
घासून, धार लावून.
असली वाक्यं आम्हाला या शहरात
नळाच्या पाण्यातूनच मिळतात.

लॉगबुक उघडलं, वेळ टाकायची म्हणून.
बुधवार, रात्रपाळी: आवाज वेगळा येतोय.
गुरुवार: आवाज वाढला. सरांना सांगितले.
शुक्रवार: सरांना परत सांगितले.
आणि तिन्ही ओळींखाली माझी सही,
माशी हाकलावी इतक्या सहज केलेली.

सर म्हणजे मी.
आठवायला गेलो तर आठवले
हलणारे ओठ
आणि माझंच "बघू".

स्टूल ओढलं. बसलो.
"कसा होता गं आवाज?"

ती गप्प. वाटलं, आता रडेल.
कंप्रेसर भरला, थांबला, पुन्हा सुरू झाला.
मी मध्ये बोललो नाही.

मग तिनं ओठ मिटून घशातून काढला,
घर्रर, घर्रर, आणि तिसऱ्या फेऱ्याला
जीभ टाळ्यावर: टक्.
हुबेहूब.
पुढचं बेअरिंग, आतली रिंग, एकाच जागी खवला.
मशीन न उघडता सांगितलं असतं मी.
बुधवारीच सांगितलं असतं.
"आमच्या विहिरीवरची मोटर असाच करायची,"
ती म्हणाली, "आवाज बदलला
की बाबा झोपेतून उठायचे."

नऊला फॉर्म भरला.
नाव: दिगंबर लोणकर.
कारण या रकान्याला जागा भरपूर असते;
वंगण, भार, मालाचा दर्जा,
एरवी आम्ही काठोकाठ भरतो.
मी दोनच शब्द लिहिले: ऐकलं नाही.
साहेबांचा फोन: "हे कसलं कारण?
तांत्रिक काहीतरी लिहा."
"तांत्रिकच आहे," म्हणालो.

स्क्रूड्रायव्हर सध्या तिच्या खिशात असतो,
माझा जुना, लाकडी मुठीचा.
परत मागावासा वाटतो अधूनमधून.

त्या रात्री वासंती काहीतरी सांगत होती,
तिच्या पतसंस्थेतलं, कुणाच्या तरी बदलीचं.
मी "हं" म्हणालो.
मग हातातला घास ताटात ठेवला.
"परत सांग," म्हणालो, "पहिल्यापासून."
ती जराशी घाबरलीच.