एकोणतिसावा दिवस

अठ्ठावीस शेक झाले.
मशीनवरचा पोरगा म्हणाला, "जा काकू, सुटी!"
शेवटच्या पेपरानंतर मास्तर म्हणतात तसं.
भिकननं अर्धा किलो पेढे आणले, गल्लीत वाटले.
कोकिळाबाईनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.
सगळे म्हणाले, जिंकलीस.
मी कुणाशी खेळत होते
ते काही आठवेना.

आज पहाटे साडेचारला जाग आलीच.
जांभळ्या रेघा सोडून आंघोळ केली.
आता पुसल्या तरी चालतील, असं कागदावर लिहिलंय,
तरी हात वळसा घालून गेला
दुसऱ्याच्या बांधावरून जावं तसा.
फाइल घेतली. काखेत फाइल नसली
की या हाताचं काय करायचं कळत नाही.

पाच-चाळीसची चोपडा–जळगाव.
"आज बी शेक शे का, वहिनी?" निंबा कंडक्टर.
मी मान हलवली.
होकाराची की नकाराची, त्यानं विचारलं नाही.

बाहेर केळीच्या बागा,
घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या.
मला त्यात दरवेळी आमची सलाइनची रांग दिसायची.
खरं सांगू,
त्या रांगेत घरच्यापेक्षा गाढ झोप लागायची.
तिथं कुणी धीर धर म्हणत नव्हतं.
रावेरची मेहरुन्निसा पदराच्या गाठीत फुटाणे आणायची.
चव नाही तर नाही, दातांना तरी काम, म्हणायची.
एकोणिसाव्या दिवसापासून
तिच्या खुर्चीवर एक म्हातारा बसायला लागला.
मी कुणालाच काही विचारलं नाही.
काल पेढा गिळवेना,
तर भिकन म्हणाला, घसा अजून सोललेला आहे.
मी हो म्हटलं.

विदगावच्या पुलाशी उतरले.
का, ते उतरल्यावरही कळलं नाही.
तापी उन्हाळ्यात एका कडेला सरकलेली,
वाळूत डांगराचे वेल.
झोपडीतल्या बाईनं भाव न सांगता फोड कापून दिली.
जिभेवर अजून लोखंडच.
गोड असेल. मला नाही समजलं.
गार होती, ते समजलं.
अजून एक मागितली.
बिया लांब थुंकल्या, लहानपणी थुंकायचो तशा.

सहा महिन्यांनी या, म्हणालेत डॉक्टर.
म्हणजे कानबाई होईल, दिवाळी होईल,
भरिताची पहिली वांगी बाजारात येतील तेव्हा.
वांग्यांची वाट बघायची
की वांग्यांना भ्यायचं?

परतीच्या गाडीत पुन्हा निंबाच.
"एवढ्या लवकर?"
सवयीनं माझ्या कार्डासाठी हात पुढे केला.
"कार्ड राहू दे," मी म्हटलं,
"बाकीच्या बायांसारखं अर्धं फाड."
त्यानं क्षणभर पाहिलं. मशीन किरकिरलं.

तिकीट डावीकडे खोचायची जुनी सवय.
तिथं आता काही थांबत नाही.
घरंगळून पायाशी पडलं.
वाकले, उचललं,
उजवीकडे ठेवलं.