मोरा

रोविन्यच्या धक्क्यावर ओंदिनाबाई
इटालियनमध्ये पुकारतात: मोरे, मोरे!
दुरडीत काटेरी झुडपांची फळं.
एकच उरलं तर मोरा,
काळं, बोटं जांभळी करणारं.

शाळेत लॅटिन शिकवायच्या,
तेव्हा मोरा म्हणजे उशीर,
आणि पोरं खिडकीतून
समुद्र बघत बसायची.

समुद्रही मोरेच, क्रोएशियनमध्ये.
षष्ठी लागली की मोरा:
समुद्राचा, समुद्राची,
झ्वाने गेला तसा, समुद्राचं काहीतरी होऊन.

रात्री छातीवर बसते, तीही मोरा.
सकाळी बाई क्रियापद चालवतात:
मोरा, त्याला यावंच लागेल.
तृतीय पुरुष, एकवचन.

गिऱ्हाईक पावशेर मागतं.
तराजू कलतो, बाईंचं लक्ष नाही.
झ्वानेचं नाव आता कुणी काढत नाही
आणि झ्वानेची नाव
अजून यायची आहे.